‘जुनं’ म्हणजे नक्की कुठलं जुनं? दोघांनी मिळून रेट्रो गाणं करताना

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीची एक मुलगी शब्द लिहिते, ठाण्याच्या पाचपाखाडीतला तिचा मित्र लॅपटॉपवर चाली आणि ट्रॅक करतो. दोघांना ऐंशीच्या दशकाच्या ढंगाचं मराठी पॉप करायचं आहे. आठ महिन्यांत तीन गाणी सुरू झाली, पूर्ण एकही नाही. तो म्हणतो, शब्द कवितेसारखे आहेत, चालीवर बसत नाहीत. ती म्हणते, चाली परदेशी गाण्यांची झेरॉक्स वाटतात. शब्द आधी की चाल आधी? आणि नाव-पैसे कसे वाटायचे? तिन्ही ट्रॅक आणि शब्द तिने सोबत पाठवले आहेत.

तिन्ही ट्रॅक मी दोनदा ऐकले. एकदा हेडफोनवर आणि एकदा तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षात, फोनच्या स्पीकरवर. दुसरं ऐकणं जास्त खरं, कारण तुमचं गाणं बहुतेक लोक तसंच ऐकणार आहेत.

शब्द आधी की चाल आधी, ते नंतर बघू. तुमचं भांडण तिथलं नाहीच. पहिल्या गाण्याचा ट्रॅक साधारण १९८४ सालच्या लंडनमध्ये आहे: खालच्या-वरच्या षड्जावर उड्या मारणारा बेस, मशीनचा स्नेअर (कडक ठोक्याचा ड्रम), वर काचेसारखा किणकिणणारा पियानो. तुमचे शब्द मात्र दुपारच्या रेडिओवरच्या भावगीतातले आहेत: ‘साद’, ‘हुरहूर’, ‘चांदणचाहूल’. दोघंही जुनंच करताय, आणि मनापासून करताय. फक्त त्याच्या कानातलं जुनं आणि तुमच्या कानातलं जुनं यांत वीस वर्षं आणि एक समुद्र आहे. मग ओळ बसत नाही, आणि दोष कधी ओळीला मिळतो तर कधी चालीला.

मी हे स्वतः भोगलंय. नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत मी या धंद्यात आलो. पुढे एका गीतकार मित्राबरोबर ‘जुन्या ढंगाची’ आठ गाणी करायला घेतली, आणि ‘सखे’ या एका शब्दावरून आमचं महिनाभर वाजलं. त्याला तो शब्द हवाच होता, मला तो ऐकवत नव्हता. शेवटी एका रात्री तलावपाळीला कट्ट्यावर बसून त्याला सरळ विचारलं, की तुझ्या डोक्यात हे गाणं वाजतं कुठे? तो म्हणाला, मावशीच्या घरी, वाल्व्हच्या रेडिओवर. माझ्या डोक्यात ते गडकरी रंगायतनच्या स्टेजवर वाजत होतं, ऑक्टोपॅडच्या (इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या) ठोक्यावर. त्या स्टेजवर ‘सखे’ खरंच शोभला नसता, आणि मावशीच्या रेडिओवर ऑक्टोपॅड शोभला नसता. महिनाभर आम्ही दोन वेगवेगळ्या गाण्यांवर भांडत होतो.

तेव्हा पहिलं काम हे करा. ‘एटीज’ हा शब्द आठवडाभर उच्चारू नका. प्रत्येकाने पाच गाणी निवडून आणा आणि एकत्र बसून ऐका. चाल कशी आहे, यावर चर्चा नको. प्रत्येक गाण्याला दोनच प्रश्न: हे कुठून ऐकू येतंय, आणि यातलं नेमकं काय आपल्याला हवंय? उत्तर ‘फील’ असं आलं तर ते उत्तर नाही. ‘स्नेअर वाजल्यावर होणारी शांतता’ हे उत्तर आहे. ‘गायिका प्रेमात पडलेली असूनही रडत नाही’ हेही आहे.

कारण आपल्याकडचं जुनं एकच नाही. एक वाट लंडनहून येते, पण तीही पूर्ण परदेशी नाही. बंगळुरूहून तिकडे गेलेल्या संगीतकार बिद्दूने १९८० मध्ये गायिका नाझिया हसनकडून जे गाऊन घेतलं, त्या आवाजावर आपल्या दोन पिढ्या नाचल्या. म्हणून सिंथ (सिंथेसायझर) दिसला रे दिसला की झेरॉक्स म्हणू नका. दुसरी वाट मुंबईतच सापडते. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बेस आणि ज्युपिटर-८ सिंथ या तीन रोलंड यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कोणी फारशी दाद दिली नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले. तिसरी वाट भावगीताची, आणि तिच्यावर ठाण्याचा हक्क आहे: गीतकार पी. सावळाराम इथे राहिले, या शहराचे नगराध्यक्षही होते. वसंत प्रभूंची चाल, सावळारामांचे शब्द आणि लताबाईंचा आवाज ही तीन माणसांची भागीदारी आजही अभ्यासावी अशी आहे. चौथी वाट माझी लाडकी आणि सगळ्यांत दुर्लक्षित: ऑर्केस्ट्रा, ऑक्टोपॅड, नवरात्रातलं बेंजो पथक. मराठी माणसाच्या अंगात जे खरोखर भिनलंय ते हेच, पण रेट्रो म्हणून ते कोणी वापरत नाही, कारण ते अजून ‘डाउनमार्केट’ वाटतं. वीस वर्षांनी वाटणार नाही. तोवर तुम्ही केलं असेल तर बरं.

या वाटा मिसळायला हरकत नाही, पण मिसळताय हे दोघांना ठाऊक असावं. तुमच्या मित्राच्या दुसऱ्या ट्रॅकमध्ये सत्तरच्या दशकातल्या डिस्कोची व्हायोलिन्स आहेत, १९८३ च्या यामाहा डीएक्स७ चा पियानो आहे आणि ड्रमचे आवाज त्याच्याही नंतरचे. त्याने ते ठरवून केलेलं नाही, लॅपटॉपवरच्या प्लगइनच्या (तयार वाद्य-आवाजांच्या) यादीत जे वर दिसलं ते उचललंय. त्याला सांगा, एका गाण्यात जुनी म्हणून तीनच वाद्यं ठेव आणि तिन्ही तीन-चार वर्षांच्या आतली ठेव. बाकी सगळं आजचं चालेल.

आता शब्द. इथे माझं मत थोडं कडक आहे. जुनेपणा आवाजात असू दे, शब्दांत नको. ट्रॅक जुना आणि शब्दही जुने असले की गाणं लग्नातल्या ‘रेट्रो थीम’सारखं दिसतं, सगळ्यांनी भाड्याचे कपडे घातल्यासारखं. ट्रॅक जुना आणि माणूस आजचा असला, म्हणजे तो रबाळ्याच्या ऑफिसातून रात्रीच्या शिफ्टनंतर निघालाय आणि त्याचा मेसेज निळा होऊन पडलाय, की तोच सिंथ एकदम एकाकी वाजायला लागतो. आणि दुसऱ्या कडव्यातली ‘आठवणींची कॅसेट’ कृपया काढा. कॅसेट, पेन्सिल, वॉकमन ही यादी आता इतकी वापरून झालीय की तिच्यात कोणाचीच आठवण उरलेली नाही. तुम्ही स्वतः कधी पेन्सिलीने कॅसेट गुंडाळलीय का? मी गुंडाळलीय. त्यात काव्य नव्हतं, वैताग होता.

पण ‘शब्द कवितेसारखे आहेत’ ही तुमच्या मित्राची तक्रार मी तपासली, आणि ती शब्दसंग्रहाबद्दल नाहीच. ती उच्चाराबद्दल आहे, फक्त त्याला ते सांगता आलेलं नाही. भावगीतात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गायला जातो. ‘वाट’ बोलताना ‘वाट्’ असा तुटतो, पण भावगीत गाणारी गायिका ‘ट’वर अलगद टेकून पुढे जाते. ड्रम मशीनवर हे चालत नाही. तिथे शब्द तुटायलाच हवा, स्नेअरवर आपटायला हवा. तुमचीच ओळ घ्या: ‘तुझ्या घराची वाट पाहत’. तुम्ही कवितेच्या सवयीने दहा अक्षरं मोजलीत. आज कोणीही बोलेल तसं म्हणा: तु-झ्या-घ-रा-ची-वाट्-पा-हत्. आठ. त्याने आठ स्वरांची जागा ठेवली, तुम्ही दहा पाठवलीत, आणि दोघंही बरोबर होता. यापुढे ओळ लिहून पाठवू नका, फोनवर बोलून पाठवा. गाऊन नको, बोलूनच. तुमच्या बोलण्यात कुठे जोर आहे आणि कुठे श्वास आहे ते त्याला ऐकू येईल.

दुसरं, लघू अक्षराची किंमत ओळखा. ‘शेवटची लोकल गेली’ आणि ‘अखेरची लोकल गेली’ यांचा अर्थ एकच, आणि म्हणून पाहिलं तर दोन्ही सात तुकड्यांत बसतात. पण पहिली ओळ सरळ समेवर पाय ठेवते, सगळे गुरू, सैनिकासारखी चालते. दुसरीत तो ‘अ’ समेच्या आधीच निसटतो आणि ‘खेर’ समेवर येतो. तिला उठाव मिळतो. उड्या मारणाऱ्या बेसवर पहिली ओळ टाकली तर बेस आणि शब्द एकमेकांच्या पायात येतात. दुसरी टाकली की झोका मिळतो. त्याने ‘जरा सिंकोपेटेड दे ना’ म्हटलं तर तो बहुधा हेच मागतोय.

आणि वरच्या स्वरावर ‘ई’ देऊ नका. तुमच्या दुसऱ्या ध्रुवपदाची सर्वांत उंच जागा ‘नाही’मधल्या ‘ही’वर येते. गायिकेचा गळा तिथे चिमटणार. ‘आ’ किंवा ‘ओ’ मिळेल असा शब्द शोधा. ही तडजोड नव्हे. जुने गीतकार गळा ओळखून लिहायचे.

आता शब्द आधी की चाल आधी. भावगीतात बहुधा कविता आधी, सिनेमात बहुधा चाल आधी, दोन्हीकडे उत्तम कामं झाली आणि दोन्हीकडे रद्दीही झाली. या प्रकारच्या पॉपसाठी माझी पद्धत तिसरी आहे: ध्रुवपदाची पहिली ओळ आणि वाद्यावरचा मुख्य तुकडा दोघांनी एका खोलीत, एका बैठकीत करायचा. बाकीचं वेगळं बसून केलंत तरी चालेल. ऐंशीच्या पॉपमध्ये सिंथचा तो चार-पाच स्वरांचा तुकडा ध्रुवपदाइतकाच लक्षात राहतो, किंबहुना जास्त. तुम्हाला तो आधी माहीत नसेल तर तुम्ही त्याच्यावरच शब्द लिहून ठेवता. तुमच्या तिसऱ्या गाण्यात तेच झालंय. त्याचा सुंदर तुकडा तुमच्या ‘परतून ये’खाली गुदमरलाय.

आणि एका खोलीत म्हणजे खरोखर एका खोलीत. ऐरोली ते ठाणे मध्ये एक दिघा गाव सोडलं तर अंतरच काय आहे? आठ महिने तुम्ही व्हॉट्सअॅपवर फाइली पाठवताय, प्रत्येक फाइलीखाली ‘छान आहे पण’ लिहिताय. खोलीत ‘पण’च्या आधी हात पियानोवर जातो. त्या दशकाचा सगळ्यांत ओळखीचा ड्रमचा आवाज, तो धाडकन वाजून कापल्यासारखा थांबणारा, असाच सापडला. गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी लंडनमध्ये फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता. कंट्रोल रूममध्ये ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम होता. वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी लावलेला माइक चुकून चालू राहिला, आणि त्याच्या कॉम्प्रेसरमधून (आवाज दाबून सारखा करणाऱ्या यंत्रातून) ड्रम भलतेच येऊ लागले. पॅडगमने ते ऐकलं आणि धरून ठेवलं. अल्बम १९८० मध्ये आला. एक वाजवत नसता किंवा दुसरा ऐकत नसता तर तो आवाज तिथेच विरून गेला असता.

बैठकीत कोणाचं चालणार हेही आधी ठरवा. आमच्यात नियम होता: कोणीही काहीही सुचवावं, पण शब्दावर अखेरचा निर्णय गीतकाराचा आणि स्वरावर संगीतकाराचा. ‘मला आवडलं नाही’ एवढं म्हणून दुसऱ्याची गोष्ट पाडायची नाही, बदली सुचवायची. नुसता नकार फुकट असतो, म्हणून लोक तो फार वापरतात.

झेरॉक्सच्या आरोपाबद्दल. कुठलं गाणं ‘आठवतं’ याला कायद्यात फारसा अर्थ नाही, पण अगदीच नाही असंही नाही. अमेरिकेत २०१३ च्या ‘ब्लर्ड लाइन्स’वर मार्विन गेच्या १९७७ च्या गाण्यावरून खटला झाला. २०१५ मध्ये ज्युरीने सत्तर लाख डॉलरच्या वरची भरपाई ठोठावली, पुढे ती कमी होऊन साधारण ५३ लाखांवर आली आणि २०१८ च्या अपिलातही निकाल टिकला. संगीतकारांमध्ये घबराट पसरली, कारण त्यात चालीपेक्षा वातावरणाचीच चर्चा जास्त होती. ‘अपटाउन फंक’च्या लेखकांत गॅप बँडच्या मंडळींची नावं २०१५ मध्ये, गाणं गाजल्यावर, घालावी लागली. उलट ‘लेव्हिटेटिंग’वरचा एक खटला २०२५ मध्ये न्यायाधीशांनी काढून टाकला, डिस्कोच्या शैलीतल्या सर्वसामान्य गोष्टींवर कोणा एकाची मालकी नाही, असा त्याचा आशय. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटक-चित्रपटाच्या वादात हेच तत्त्व सांगितलं: कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो.

तुमच्या मित्राला एक सोपी चाचणी द्या. ड्रम, बेस, सिंथ सगळं बंद करून नुसती चाल पेटीवर वाजवायची. तरीही दुसरं गाणं आठवलं तर चाल बदलावी. नाही आठवलं तर तो फक्त पोशाख आहे, बिनधास्त वापरा. तुमची पहिली आणि तिसरी चाल मी अशी वाजवून पाहिली. पहिली तुमचीच आहे. तिसऱ्यातल्या अंतऱ्याची दोन आवर्तनं मला खटकली, तेवढी बदला.

याहून चांगला उपाय दाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने २०१३ मध्ये केला. डिस्कोची गिटार हवी होती, तर तिची नक्कल न करता डिस्कोचा गिटारवादक नाइल रॉजर्सलाच बोलावलं, गाण्यांच्या लेखनात त्याचं नावही घातलं. तुमच्या कळव्यात, डोंबिवलीत, कोपरखैरण्यात ऑर्केस्ट्रातून निवृत्त झालेले ऑक्टोपॅडवाले आहेत. एकाला बोलवा, चहा द्या, मानधन द्या, आणि दोन तास नुसतं वाजवू द्या. तयार आवाजांच्या सँपल पॅकमध्ये ते हात मिळत नाहीत.

आता नाव आणि पैसे. हे गाणं बनण्याआधी बोला; गाजल्यावर बोलणं म्हणजे भांडण. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द वगळले आहेत. म्हणजे तुमचे शब्द ही एक कृती, त्याची चाल ही दुसरी, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी, आणि तिच्या मालकीचा प्रश्न वेगळा. परदेशात अख्ख्या गाण्याचे टक्के पाडतात. ‘ब्लाइंडिंग लाइट्स’वर पाच जणांची नावं आहेत. आपल्याकडे शब्द-चालीत फारसा घोळ नाही, पण दोन फटी आहेत.

पहिली फट: ध्रुवपदाची चाल जर तुम्ही गुणगुणली असेल तर तुम्हीही संगीतकार आहात. तुमच्या पत्रावरून पहिल्या गाण्यात असंच झालंय. ते मोठ्याने बोला, आणि संगीत म्हणून दोघांची नावं लिहा. त्याला राग येणार नाही, आला तर आत्ताच आलेला बरा. दुसरी फट: ध्वनिमुद्रणाचा निर्माता कोण? ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. तुमच्या मित्राच्या खोलीत, त्याच्या लॅपटॉपवर सगळं झालं तर उद्या तो मी म्हणेल, आणि ते अगदीच चूक नसेल. गायिकेचे आणि मिक्सिंगचे पैसे निम्मे-निम्मे टाका आणि निर्माते दोघं असं लिहून ठेवा. एका कागदावर, तारखेसह, दोघांच्या सह्या. बैठकीचं फोनवरचं रेकॉर्डिंग पुसू नका.

कोणी कंपनी गाणं घ्यायला आली तर कागद नीट वाचा. हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने रॉयल्टीचा वाटा मिळण्याचा अधिकार दिलाय, आणि तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कोणाला देऊन टाकता येत नाही. मी हे माहीत नसताना एकदा दीड पानाच्या कागदावर उभ्या उभ्या सही केली आहे, चहा गार व्हायच्या आत. त्या गाण्याचे नंतर किती पैसे झाले ते मला कळलं नाही. तुम्ही दोघं आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे, सभासद व्हा. गाणं प्रसिद्ध करून ते तिथे नोंदवायचं, ही कटकट वाटते, पण गाण्यागणिक एकदाच करायची असते.

पहिल्यांदा कुठलं गाणं पूर्ण करायचं? तिसरं. त्याची चाल सगळ्यांत साधी आणि तुमचे शब्द सगळ्यांत कमी सजलेले. अंतऱ्यातली ती दोन आवर्तनं बदलायला सांगा, ‘परतून ये’ चार मात्रा उशिरा आणा म्हणजे सिंथचा तुकडा आधी मोकळा वाजेल. आणि १ मिनिट १२ सेकंदांवर मागे कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू येते, बहुधा त्याच्या घरची. ती ठेवा. स्नेअरच्या बरोबर मध्ये पडलीय.